गणिताचे सर शिकवतात पण डोक्यात काही शिरत नाही, मग करायचं काय

हायस्कूलला गेलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा अनुभव खूप जणांना येतो. गणिताचा तास सुरू होतो, सर फळ्याकडे तोंड करून लिहायला लागतात, फळा भरला की पुसतात आणि परत भरतात, मधेच मागे वळून "समजलं ना?" विचारतात आणि अख्खा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. मग घरी वही उघडली की आपल्याच अक्षरातलं गणित आपल्याला परकं वाटतं.

माझं नववीचं वर्ष असंच गेलं. आमचे सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण ते दुसऱ्या ओळीवरून थेट पाचव्या ओळीवर जायचे आणि का ते सांगायचे नाहीत, मी सगळं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचे, वही बघून कुणालाही वाटलं असतं की हिला गणित येतंय, आणि परीक्षेत कसेबसे पास होण्यापुरते मार्क पडले. आपल्याला गणिताचं डोकंच नाही असं मला ठाम वाटायला लागलं. ते खोटं होतं, पण खोटं आहे हे कळेपर्यंत वर्ष गेलं, आणि तुमचं तसं वर्ष जाऊ नये म्हणून हे लिहितेय. आता भाचरांना गणित दाखवायला बसते तेव्हाही तेच दिसतं, पोराला अडलेली असते एक ओळ, पण ती ओळ कोणती हे बोट ठेवून सांगता येत नाही म्हणून त्याला वाटतं सगळंच गणित अडलंय.

पायरी १: आधी शोधा, अडतंय नेमकं कुठे

"सरांना शिकवता येत नाही" हे वाक्य खरं असलं तरी त्याचा उपयोग काही नाही, कारण त्यावर पुढे काही करता येत नाही. म्हणून थोडं खोलात जा. सर फार भरभर जातात का? पायऱ्या गाळतात का? पद्धत सांगतात पण ती का चालते ते सांगत नाहीत का? वर्गात इतका गोंधळ असतो का की ऐकूच येत नाही? की सर तासालाच येत नाहीत, किंवा वर्षात तीनदा बदललेत? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. भरभर जाणाऱ्या सरांसाठी आदल्या दिवशी धडा वाचून जाणं पुरतं, पायऱ्या गाळणाऱ्यांना प्रश्न विचारावे लागतात, आणि जे शिकवतच नाहीत त्यांच्या बाबतीत तुम्हाला दुसरी सोय बघावीच लागते, त्यात वेळ घालवू नका.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा, आणि ही पायरी कुणी करत नाही म्हणून मी जास्त लिहितेय. अडलंय ते या वर्षीचं आहे की मागच्या वर्षांचं? वर्गसमीकरणात अडलेली दहातली बरीच मुलं खरं तर वर्गसमीकरणात अडलेलीच नसतात, ती अडलेली असतात वजाच्या चिन्हात आणि अपूर्णांकात. सरांनी सूत्रात किंमती घातल्या, तिथे "वजा कंसात वजा सहा" आलं, पुढच्या ओळीत सरांनी "अधिक सहा" लिहिलं, आणि मूल तिथेच थांबलं. सरांच्या दृष्टीने तिथे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

कसं ओळखायचं? ज्या धड्यात अडलंय त्यातलं एक सोडवलेलं उदाहरण घ्या आणि कागदावर ओळीओळीने उतरवा. प्रत्येक दोन ओळींच्या मधे स्वतःशी म्हणा, ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? उत्तर आलं तर पुढे. उत्तर आलं नाही तर तिथे लाल पेनाने रेघ मारा. अशी तीन-चार उदाहरणं झाली की रेघा कुठे पडतायत ते दिसतं. सगळ्या रेघा नव्या कल्पनेपाशी असतील तर शिकवण्यात कमी पडलंय. रेघा चिन्हांपाशी, छेद समान करण्यापाशी, कंस सोडवण्यापाशी असतील तर पाया मागे कच्चा राहिलाय, आणि मग जगातला सगळ्यात चांगला शिक्षक समोर उभा केला तरी आजचा धडा कळणार नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. सातवी-आठवीचं पुस्तक काढा आणि तेवढाच भाग करा, बहुतेक वेळा ते आठ-दहा दिवसांचं काम असतं.

वजाच्या बाबतीत एक सांगते, कारण ते मला फार उशिरा कळलं. आपण मराठीत ऋण संख्या म्हणतो ना, ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम मांडले ते याच शब्दांत, धन म्हणजे जवळ असलेलं आणि ऋण म्हणजे देणं. माझ्यावर ६ रुपयांचं देणं आहे आणि कुणी ते देणं काढून टाकलं, तर मी ६ रुपयांनी वर आले. वजा कंसात वजा सहा म्हणजे तेवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की "वजा वजा अधिक" घोकावं लागत नाही.

पायरी २: तासाला बसण्याची पद्धत बदला

फळा जसाच्या तसा उतरवणं बंद करा. पूर्ण बंद नाही, पण हाताचं यंत्र करून बसू नका. वहीच्या पानाला उजवीकडे चार बोटं जागा सोडा. डावीकडे फळ्यावरचं, उजवीकडे सर तोंडाने जे बोलतात ते, कारण बरेचसे शिक्षक कारण लिहीत नाहीत पण ओझरतं बोलून जातात, "इथे दोन्ही बाजूंना भागलं" वगैरे, आणि ते अर्धं वाक्यच खरं शिकवणं असतं. कळलं नाही तिथे फक्त प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला, तिथेच विचार करत बसलात तर पुढच्या पाच ओळी सुटतात. आणि ओळींना नंबर द्या. १, २, ३ असे साधे. याचा फायदा चौथ्या पायरीत कळेल.

शक्य असेल तर आदल्या रात्री धड्याची पहिली दोन पानं नुसती वाचा. समजून घ्यायची सक्ती नाही, फक्त नवे शब्द डोळ्याखालून जाऊ देत. सहगुणक, व्यस्त, समरूप असे शब्द पहिल्यांदाच फळ्यावर दिसले तर अर्धं लक्ष शब्दांतच जातं.

पायरी ३: त्याच दिवशी, वही मिटून

ही पायरी या सगळ्यात महत्त्वाची. एकच करायचं असेल तर हे करा.

शाळेतून आल्यावर, त्याच दिवशी, आज केलेलं एक उदाहरण घ्या, फक्त प्रश्न कोऱ्या कागदावर लिहा आणि वही मिटा. मग सोडवा. अडाल. अडल्यावर लगेच वही उघडू नका, पाच मिनिटं झगडा, मग उघडा, फक्त अडलेली ओळ बघा, परत मिटा. असं करत शेवटपर्यंत जा. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण परत, वही मिटून.

हे त्याच दिवशी का, तर विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून हे १८८५ मध्ये दाखवलं, पहिल्या काही तासांतच बरंचसं पुसलं जातं आणि नंतर वेग मंदावतो. रविवारी आठवड्याचं एकदम करू म्हणणारी मुलं (मीही तेच म्हणायचे) रविवारी जवळजवळ कोऱ्या पाटीने सुरुवात करतात.

आता एक उदाहरण जवळून बघू, म्हणजे "ओळ अडते" म्हणजे काय ते कळेल. समजा फळ्यावर हे होतं:

ओळ १: क्षचा वर्ग + १०क्ष = ३९
ओळ २: क्षचा वर्ग + १०क्ष + २५ = ६४
ओळ ३: (क्ष + ५) चा वर्ग = ६४
ओळ ४: क्ष + ५ = ८ किंवा क्ष + ५ = −८
ओळ ५: क्ष = ३ किंवा क्ष = −१३

सर म्हणाले, "१० चं निम्मं ५, त्याचा वर्ग २५, दोन्ही बाजूंना मिळवा." झालं. मुलांनी लिहून घेतलं आणि परीक्षेत कुणी निम्मं केलं, कुणी नुसता १० चा वर्ग केला, कुणी एकाच बाजूला मिळवलं. कारण दुसरी ओळ कुठून आली ते कुणालाच माहीत नव्हतं.

कागदावर एक चौरस काढा, बाजू क्ष. त्याचं क्षेत्रफळ क्षचा वर्ग. आता १०क्ष राहिलंय, म्हणजे एक लांब पट्टी, लांबी क्ष आणि रुंदी १०. ती पट्टी उभी चिरून दोन करा, प्रत्येकी रुंदी ५. एक चौरसाच्या उजव्या बाजूला चिकटवा, एक खालच्या बाजूला. काय दिसतं? एक मोठा चौरस जवळजवळ पुरा झालाय, फक्त खाली उजव्या कोपऱ्यात एक खळगा राहिलाय. तो खळगा ५ बाय ५ चा. म्हणून २५. निम्मं का, तर पट्टी दोन बाजूंना वाटायची म्हणून. दोन्ही बाजूंना का मिळवायचं, तर कोपरा भरल्यावर एकूण क्षेत्रफळ ३९ चं ६४ झालं म्हणून. मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातले ५ गेले, क्ष म्हणजे ३.

हे समीकरण मी मनाचं दिलेलं नाही बरं का, नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञाने हेच समीकरण घेऊन चौरसाच्या आकृतीने ते समजावलं होतं, आणि अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आला. त्याने उत्तर फक्त ३ दिलं, कारण चौरसाची बाजू −१३ असू शकत नाही. आपण −१३ सुद्धा घेतो, कारण आपल्याला समीकरणाला चालणारी सगळी उत्तरं हवी असतात. ताळा करून बघा, १६९ वजा १३०, बरोबर ३९.

एवढं कळल्यावर "पूर्ण वर्ग पद्धत" पाठ करावी लागत नाही, आकृती आठवली तरी पुरतं. आणि फळ्यावर यातलं काय नव्हतं? एक चित्र. बाकी पाचही ओळी बरोबरच होत्या.

पायरी ४: सरांना विचारा, पण ओळ दाखवून विचारा

"सर, काहीच समजलं नाही" असं म्हटलं की सरांपुढे दोनच वाटा राहतात, सगळं पहिल्यापासून तस्संच परत सांगायचं किंवा चिडायचं. दोन्हीचा उपयोग नाही. त्याऐवजी तास संपल्यावर वही घेऊन जा आणि म्हणा, "सर, ओळ १ पर्यंत कळलं, दुसऱ्या ओळीत २५ कुठून आले?" बस, इतकंच. मघाशी ओळींना नंबर द्यायला सांगितलं ते यासाठी.

नववीच्या शेवटी शेवटी मी पहिल्यांदा असं विचारलं. कुठलं गणित होतं ते आता आठवत नाही, पण सर दोन मिनिटं वहीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "अरे हो, हे सांगायचं राहिलंच," आणि मागच्या पानावर इतकं छान समजावलं की मला धक्काच बसला. म्हणजे त्यांना येत होतं. पंचवीस वर्षं तेच गणित करून ती पायरी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती एक पायरी आहे हेच त्यांना दिसत नव्हतं. न शिकवू शकणाऱ्या शिक्षकांत असे खूप असतात, त्यांना वाईट हेतू नसतो, त्यांना फक्त कळत नाही की आपण कुठे अडलोय, आणि ते सांगणं आपल्याच हातात असतं.

काही तयार वाक्यं देते, वापरून बघा. सर भरभर जात असतील तर, "सर, हीच पद्धत अजून एका उदाहरणावर दाखवाल का?" सर प्रश्नाने चिडत असतील तर स्वतः प्रयत्न केलेला कागद पुढे ठेवून, "सर, मी असं केलंय, माझं कुठे चुकलं तेवढं बघता का?" प्रयत्न केलेला कागद बघून चिडणारे शिक्षक कमी. आणि फळ्यावर सरांचंच चुकलं असेल, जे होतं, कुणाचंही होतं, तर भर वर्गात "सर चुकलं" असं ओरडण्यापेक्षा "सर, मला इथे उणे येतंय, एकदा बघाल का?" एवढं पुरे होतं, चूक असेल तर त्यांची त्यांना दिसते आणि तुमचीच असेल तर तीही कळते.

एका वेळी एकच प्रश्न. पाच प्रश्नांची यादी घेऊन गेलात तर तिसऱ्यापाशीच घंटा होते.

पायरी ५: दुसरा गुरू, पण एकच

सर खरंच काही देऊ शकत नसतील तर दुसरीकडून घ्या. सगळ्यात जवळचा गुरू म्हणजे पाठ्यपुस्तक, आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं मुलं उडी मारून पुढे जातात हे मला फार खटकतं. स्वेलर आणि कूपर या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले होते, सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणाऱ्या मुलांना नुसती गणितं सोडवत बसलेल्यांपेक्षा कमी वेळ लागला आणि तशाच नव्या गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. अभ्यासायची म्हणजे कशी, तर उदाहरणावर कोरा कागद ठेवा, पहिली ओळ उघडी करा, पुढची ओळ काय असेल ते स्वतः लिहा, मग कागद खाली सरकवून ताडून बघा. नुसतं डोळ्याने वाचलं तर सगळं पटत जातं आणि हाताला काहीच येत नाही.

व्हिडिओंमध्ये खान अकॅडमी फुकट आहे आणि क्रमाने लावलेली आहे. त्याची सुरुवातच अशी झाली की सलमान खान नावाच्या (नट नव्हे, हे वेगळे) एका माणसाने २००४ मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या मामे-चुलत नात्यातल्या मुलीला गणितात मदत करायला सुरुवात केली, मग इतर नातेवाईक आले, मग २००६ पासून त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकले. म्हणजे वर्गात न कळलेलं गणित कुणीतरी शांतपणे परत सांगावं याच गरजेतून ते उभं राहिलं. भूमिती आणि आलेखांसाठी जिओजेब्रा वापरून बघा, तेही फुकट आहे, त्यात त्रिकोणाचा कोपरा धरून ओढला की कोन कसे बदलतात आणि बेरीज मात्र १८० अंशच कशी राहते ते डोळ्यांनी दिसतं.

पण एक गुरू धरा. तीन चॅनेल, दोन ॲप, एक गाइड आणि वर शिकवणी असं केलं की प्रत्येकाची पद्धत वेगळी, खुणा वेगळ्या, आणि डोक्याचा भुगा होतो. आणि व्हिडिओ बघताना सरांनी प्रश्न लिहिला की तिथेच पॉज करा, आपण सोडवा, मग पुढे चालू करा. व्हिडिओ बघताना जे "कळलं कळलं" वाटतं ना, त्यावर विश्वास ठेवू नका, वही मिटून सोडवता आलं तरच कळलं.

एआयला विचारत असाल तर त्यालाही ओळ दाखवूनच विचारा आणि "उत्तर देऊ नको, पुढची एकच पायरी सुचव" असं सांगा. तो कधी कधी अगदी आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो, त्यामुळे उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करायचाच.

पायरी ६: दोघं-तिघं मिळून बसा

वर्गात तुमच्यासारखे अजून वीस जण आहेत, फक्त सगळे "हो सर" म्हणतात म्हणून कळत नाही. त्यातले दोघं गाठा. आठवड्यातून एकदा पाऊण तास. नियम एकच, कुणी कुणाला उत्तर दाखवायचं नाही, ज्याला आलंय त्याने तोंडाने समजावायचं आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक ओळीला "का?" विचारायचं. समजावणाऱ्यालाच जास्त फायदा होतो, कारण "का" ला उत्तर देता देता स्वतःच्या समजुतीतली भोकं दिसतात. तीनपेक्षा जास्त जण झाले की गप्पाच होतात, हा अनुभव.

पायरी ७: सराव, आणि चुकांची वही

धड्याखालची पंचवीस गणितं सगळी एकाच प्रकारची असतात, पहिली तीन केली की पुढची बावीस हात आपोआप करतो, डोकं लागतच नाही. परीक्षेत मात्र गणित बघून आधी ठरवावं लागतं की ही कुठली पद्धत, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. म्हणून मिसळा. या आठवड्यातल्या धड्याची चार, मागच्या धड्याची दोन, त्याच्याही मागची दोन. रोरर आणि टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात घनफळाची गणितं एका गटाला प्रकारवार दिली आणि दुसऱ्या गटाला मिसळून, सराव करताना मिसळलेल्या गटाचं जास्त चुकत होतं, पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा त्यांचं ६३ टक्के बरोबर आलं आणि प्रकारवार करणाऱ्यांचं २० टक्के. म्हणजे मिसळून करताना चुकतंय म्हणून घाबरू नका, तेच लागू पडतंय.

चुकांसाठी वेगळी छोटी वही करा. चुकलेलं गणित, चुकलेली ओळ, आणि एका वाक्यात कारण, चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही, की कल्पनाच चुकीची होती. दोन-तीन आठवड्यांनी ती वही चाळली की आपली नेहमीची चूक कुठली ते लख्ख दिसतं. माझी होती, वर्गमूळ वाटून टाकायची. ९ + १६ चं वर्गमूळ म्हणजे ३ + ४ म्हणजे ७, असं मी बिनदिक्कत लिहायचे. खरं तर ९ + १६ म्हणजे २५ आणि त्याचं वर्गमूळ ५. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अचा वर्ग अधिक बचा वर्ग, ही त्याचीच बहीण. यावर उपाय साधा आहे, नियम आठवत नसला तर छोटे आकडे घालून बघा, अ = ३, ब = ४, डावीकडे ४९, उजवीकडे २५, म्हणजे नियम खोटा. ही युक्ती कुठलाही शिक्षक जवळ नसताना चालते आणि परीक्षेत अर्ध्या मिनिटात होते. एक लक्षात ठेवा, आकडे घालून नियम खोटा ठरवता येतो, खरा आहे हे सिद्ध होत नाही, आणि ० किंवा १ घालू नका, त्यांना बरेच खोटे नियमही चालून जातात.

परीक्षेचा पेपर तेच सर तपासणार असतील तर पायऱ्या त्यांच्या पद्धतीने लिहा, दुसरीकडून शिकलेली पद्धत वेगळी असेल तर आधी विचारून घ्या की चालेल का. त्यांचे जुने पेपर मिळाले तर बघा. यात कमीपणा काही नाही.

पायरी ८: घरी आणि शाळेत सांगायची वेळ

हे सगळं महिना-दीड महिना करूनही काही हलत नसेल तर घरी सांगा. "सर बोगस आहेत" असं सांगितलं तर घरचे म्हणतात "तुझंच लक्ष नसेल." त्याऐवजी वही दाखवा. या महिन्यात किती तास झाले, किती धडे झाले, मी कुठे प्रश्न विचारला, काय उत्तर मिळालं, हे तारखेसकट लिहिलेलं असेल तर बोलणं पुढे सरकतं. आईवडिलांनी आधी गणिताच्या सरांनाच भेटावं, सरळ मुख्याध्यापकांकडे जाऊ नये, कारण सरांना न सांगता वर तक्रार गेली की नंतर त्या वर्गात बसायचं तुम्हालाच असतं. आणि भेटल्यावर मागणी नेमकी असू दे, आठवड्यात एक तास शंकांसाठी ठेवा, किंवा गाळलेला धडा परत घ्या. त्याने नाही झालं तर वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि तेव्हा चार-पाच जणांचे पालक मिळून गेले तर बरं.

पालक हे वाचत असतील तर एक विनंती, पोरासमोर "मलाही गणित कधी आलं नाही" असं म्हणू नका. तुम्ही धीर द्यायला म्हणता, त्याला सुटका दिसते.

आणि एक गोष्ट यातून पूर्ण वेगळी काढा. सर वर्गात अपमान करत असतील, मारत असतील, नावं ठेवत असतील तर ते "शिकवता येत नाही" या खात्यात बसत नाही. तिथे महिना थांबायचं नाही, तारखा गोळा करत बसायचं नाही, त्याच दिवशी ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याला सांगायचं.

परीक्षा अगदी तोंडावर आली असेल तर

तीन आठवडे राहिलेत आणि निम्मं पुस्तक कोरं आहे, अशा वेळी पहिल्या धड्यापासून सुरू करू नका. अनुक्रमणिका काढा, प्रत्येक धड्यापुढे "येतं", "अर्धवट" आणि "काहीच नाही" असं लिहा. पहिले दहा दिवस फक्त "अर्धवट" वाल्यांना द्या, कारण तिथे एक-दोन ओळीच अडलेल्या असतात आणि कमी वेळात जास्त मार्क तिथेच सुटतात. मग "काहीच नाही" मधले असे दोन निवडा ज्यांच्यावर पुढचे धडे उभे आहेत, बीजगणितात बहुतेक अवयव पाडणं आणि भूमितीत समरूपता. शेवटचे चार दिवस नवीन काही उघडू नका, जुने पेपर घड्याळ लावून सोडवा आणि चुकांची वही वाचा. जे धडे राहिले त्यांची यादी फाडून टाकू नका, पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, कारण नवे सर आले की ते तिथूनच पुढे सुरू करणार आणि त्यांना वाटणार की हे सगळं तुमचं झालेलं आहे.